पांढऱ्या कडेची आयव्ही

शेंडेसाहेबांनी डबा टेबलावर ठेवला आणि मला विचारलं, "ही कुठली?"

गोडेतेलाचा, वरून कापलेला पत्र्याचा डबा होता. त्यातून आयव्हीच्या सात-आठ वेली टेबलाच्या कडेपर्यंत लोंबत होत्या. आमच्या रोपवाटिकेत तेव्हा आयव्हीच्या चार हजार कुंड्या होत्या, सगळ्या गडद हिरव्या. हिची पानंही तशीच पाच टोकांची, पण आकाराने लहान, आणि प्रत्येक पानाला दुधासारखी पांढरी कडा. फेब्रुवारीची थंडी होती. त्यामुळे काही पानांच्या कडांवर फिकट गुलाबी झाक आली होती.

"आपल्याकडची नाही," मी म्हणालो.

"आपल्याकडची नाही आणि दुसऱ्या कुणाकडचीही नाही. तीस वर्षं हा धंदा करतोय, असं पान मी पाहिलेलं नाही. कुठे मिळाली असेल?"

मी एक वेल उचलून पाहिली.

"गावातल्या शाळेच्या खिडकीत. काल बक्षीस समारंभाला बोलावलं होतं मला. तिथल्या शिक्षिका मुलाणीबाई म्हणाल्या, एका मुलीच्या आईने दिली. मुलीचं आडनाव रांजणे." साहेबांनी चष्मा काढून पुसला. "सुगंधाला बोलाव."

ही गोष्ट त्र्याण्णव सालची. पाचगणीच्या उतारावर ही रोपवाटिका होती आणि मी तिथे सुपरवायझर होतो. वय सव्वीस. कृषी पदविका घेऊन आलो होतो आणि माझ्या हाताखाली चौदा बायका होत्या. सुगंधा रांजणे त्यातली सगळ्यात जुनी. पस्तिशीची असेल. नवरा मुंबईला माथाडी कामगार, घरी सासरा आणि एक मुलगी. ती कलमं करायला बसली की दिवसभरात सहाशे-सातशे छाट लावायची, आणि तिने लावलेल्या शंभरातल्या नव्वद तरी जगायच्या. माझ्या साठ जगायच्या. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तिने ते कधी बोलून दाखवलं नाही.

ती आली तेव्हा हाताला माती होती. दारातच थांबली. टेबलावरचा डबा पाहिला आणि तिच्या चेहऱ्यावर आनंद दिसला. आपल्या माणसाला कुणी मानाने बोलावून बसवलंय, असं पाहिल्यावर दिसतो तसा.

"हे रोप तू वाढवलंस?" साहेबांनी विचारलं.

"व्हय."

"आणलंस कुठून?"

"हितलंच हाय की. दोन वर्सं झाली. एका कुंडीत येकच फांदी अशी निघाली हुती. माळवदे सायेब म्हनलं, घिऊन जा. मग घरी लावली."

माळवदे म्हणजे मी. शेंडेसाहेब माझ्याकडे वळले. त्यांच्याकडचा नियम सगळ्यांना पाठ होता. इथली छाट, पान, मुळी, काहीही फाटकाबाहेर न्यायचं नाही. संध्याकाळी बायकांच्या पिशव्या तपासल्या जायच्या, आणि पूर्वी एकीला तेरड्याच्या बियांसाठी घरी बसवलं होतं.

"उदय, तू दिलीस हिला?"

"मला आठवत नाही, साहेब," मी म्हणालो.

सुगंधाने माझ्याकडे पाहिलं. मी डब्याकडे पाहत होतो. तिचे हात मात्र मला दिसत होते. ती अंगठ्याने बोटांवरची माती काढत होती.

"नीट आठव," साहेब म्हणाले. "दिली असशील तर तसं सांग."

"खरंच आठवत नाही."

साहेबांनी तिला विचारलं, "तुझं काय म्हणणं?"

ती म्हणाली, "सायेब न्हाई म्हनत्यात, तर तसंच असंल."

एवढंच. मला वाटलं होतं ती भांडेल, शपथ घेईल, रडेल. तशी माझी तयारी होती.

"कुंडी आमची, फांदी आमची, म्हणजे रोपही आमचं," साहेब म्हणाले. त्यांनी आवाज चढवला नाही. "असे किती डबे आहेत घरी?"

"तीन."

"ते आज पोचते कर. उद्यापासून येऊ नकोस."

दुपारी तीनच्या सुमाराला तिने डोक्यावरच्या पाटीतून तिन्ही डबे आणले. त्यांवर ओलं गोणपाट टाकलेलं होतं. डबे ओट्यावर एका रांगेत मांडले, प्रत्येकात ओंजळभर पाणी घातलं, गोणपाटाची घडी केली आणि निघून गेली. बाकीच्या तेरा बायका कलमं करत बसल्या होत्या. कुणी मान वर केली नाही.

त्या चार डब्यांवरून आम्ही वर्षभरात चारशे कुंड्या केल्या. साहेबांनी आपल्या नातीचं नाव त्या जातीला दिलं, 'ईशानी'. पुण्याच्या एका फुलांच्या मासिकात फोटो आला. फोटोत साहेब होते, आणि त्यांच्या मागे कुंडी धरून मी. त्या वर्षी मला राहायला रोपवाटिकेतली खोली मिळाली.

दुसऱ्या पावसाळ्यात कुंड्या हिरव्या होऊ लागल्या.

आधी दहा-बारा झाल्या, तेव्हा मी लक्ष दिलं नाही. ऑगस्ट संपेपर्यंत तीनशेवर गेल्या. पांढरी कडा असलेल्या वेली तशाच होत्या, पण त्यांच्या बुडातून नवे फुटवे निघत होते ते साधे हिरवे. महिन्याभरात ते जुन्या वेलींना झाकून टाकत. मी खत बदललं, माती बदलली, शेंडे खुडले. शेडवर जाळीचा आणखी एक पदर टाकला. शेंडे खुडले की खालून दुप्पट फुटवे येत. पुण्याच्या एका बागकाम करणाऱ्या कंपनीने नोव्हेंबरच्या प्रदर्शनासाठी अडीचशे कुंड्या मागितल्या होत्या. आमच्याकडे देण्यासारख्या सत्तरसुद्धा नव्हत्या.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात शेंडेसाहेब शेडमध्ये आले. दोन कुंड्या उचलून पाहिल्या आणि खाली ठेवल्या.

"तुझ्या शेडमध्ये हिरवी होते," ते म्हणाले. "त्या बाईच्या अंगणात तेलाच्या डब्यात दोन वर्षं पांढरी राहिली. का?"

"माहीत नाही, साहेब."

"मग जा आणि विचारून ये."

"ती सांगेल?"

"न सांगितलं तर तसं येऊन सांग. पण जा."

मी दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी सकाळी एसटीने निघालो. फाट्यावर उतरून सुगंधाच्या सोंडेवाडीपर्यंत खाली तीन मैल चालायचं होतं. पाऊस नुकता उघडला होता. वाट शेवाळलेली होती आणि दोन ठिकाणी मी घसरलो. वाडीत पंधरा-वीस घरं, एकाला एक लागून, उताराला चढवलेल्या दगडी जोत्यांवर. रांजण्यांचं घर विचारलं तर एका बाईने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि बोट दाखवलं.

सुगंधा अंगणात घेवड्याच्या शेंगा सोलत बसली होती. मला पाहून उठली. डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"या सायेब," ती म्हणाली. आतून घोंगडी आणून जोत्यावर टाकली. पाणी दिलं. मी पाणी प्यायलो. ती पुन्हा शेंगा सोलायला बसली. मलाच सुरुवात करावी लागली.

"काम काय करतेस सध्या?"

"स्ट्राबेरीच्या दिवसात तोडायला जाते. एरवी हे असंच. नर्सरीवाली कुनी घेत न्हाईत." तिने सूप हलवून दाणे एका बाजूला केले. "रोपं कशी हायती?"

मी सांगितलं. हिरवी होतायत, शेंडे खुडले, खत बदललं, सगळं. ती ऐकत होती आणि हातातली शेंग तशीच राहिली होती.

"शेंडं खुडलंसा?"

"हो."

"आरं देवा," ती हळूच म्हणाली. मग उठून कुंपणाजवळ गेली आणि कसल्या तरी रानवेलीचा तुकडा तोडून आणला. माझ्यासमोर उकिडवी बसली. "हे बगा. हिरवा फुटवा लई जोरकस असतो. पांढऱ्याच्या अंगात तेवढा जोर नसतो. हिरव्याचा शेंडा खुडला की त्यो खाली चार ठिकानी फुटतो. तवा शेंडा न्हाई खुडायचा. जिथनं त्यो निघालाय, त्या सांध्यात नख घालायचं आन् मुळापासनं काढायचा. दिसला की काढायचा. आज दिसला आन् उद्या काढू म्हनलं, की गेलं."

तिने त्या वेलीवर नख घालून दाखवलं. फुटवा अलगद तिच्या बोटांत आला.

"आन् येखादी फांदी पार पांढरी निघती. ती छान दिसती. तिची छाट घिऊ नका. ती जगत न्हाई, तिच्यात हिरवं कायच नसतं. ज्या पानात दोनी हायती, तसलीच घ्यायची. कुठं ठिवलीत?"

"शेडमध्ये. जाळीचे दोन पदर आहेत."

"तेच. अंधारात ठिवलं की ती हिरवी हुनारच, बिचारी काय करंल? जगायला पायजे न्हवं? सकाळचं ऊन द्या. धा वाजेस्तवर. मग सावली. उन्हाळ्यात पानांच्या खालनं पानी मारत जावा, न्हाईतर लाल कोळ्याची कीड लागती. पावसाळ्यात वरनं धार पडू दिऊ नका, पानावर काळं ठिपकं येत्यात."

मी खिशातून डायरी काढून लिहून घेतलं. तिने एकेक गोष्ट पुन्हा सांगितली. मी लिहिलेलं वाचून दाखवलं, तेव्हा एका ठिकाणी चूक होती, ती तिने दुरुस्त केली. कलमं शिकवायला बसलेल्या नव्या बाईशी ती बोलायची, तसंच ते सगळं होतं. तिने काही हातचं राखलं नाही.

"तुझ्याकडे एकही ठेवली नाहीस?" मी विचारलं.

"तीन हायती म्हनलं हुतं. तीन दिली."

"मी आणून देतो एक."

"नको. परत कुनी यिऊन इचारलं तर?"

डायरी खिशात घालून मी उठलो. तीही उठली. मला वाटलं, झालं. तेवढ्यात ती म्हणाली, "सायेब, येक इचारू?"

"विचार."

"तुमाला तवा खरंच आठवत न्हवतं?"

ती रागाने विचारत नव्हती. माहिती हवी असावी तसं विचारत होती.

"आठवत होतं," मी म्हणालो.

टेबलावर डबा आला त्याच क्षणी मला सगळं आठवलं होतं. त्याच्या दोन वर्षं आधीची जानेवारीतली सकाळ. शेडच्या दक्षिणेकडच्या रांगेत सुगंधाने मला हाक मारून एक कुंडी दाखवली होती. हिरव्या वेलीला एक बोटभर फांदी, तिची चारही पानं पांढऱ्या कडेची. ती म्हणाली, सायेब, हे बगा काय निघालंय. मी पानं उलटून पाहिली आणि म्हणालो, हा विषाणू आहे, मोझॅक. पुस्तकात मी असं चित्र पाहिलं होतं. चार हजार कुंड्यांना लागेल, उपटून जाळून टाक. ती म्हणाली, पण किती छान दिसतंय, मी घरी नेऊ? मी म्हणालो, ने, पण परत इथे आणायचं नाही. संध्याकाळी फाटकावर रखवालदाराने तिची पिशवी धरली, तेव्हा मीच लांबून ओरडून सांगितलं होतं, जाऊ दे तिला.

शेंडेसाहेबांनी विचारलं तेव्हा 'हो, मी दिली' म्हणालो असतो, तर पुढचा प्रश्न 'का दिलीस' हा होता. तीस वर्षांत त्यांनी न पाहिलेली जात मी रोगट म्हणून जाळायला सांगितली होती. तेवढं सांगायचं होतं, आणि तेवढं मला सांगता आलं नाही.

हे सगळं मी तिला जसंच्या तसं सांगितलं. ती ऐकत राहिली. संपल्यावर तिने खाली बसून घेतलं, अगदी हळू, गुडघ्यावर हात टेकवून.

"मग बरं," ती म्हणाली.

मला कळलं नाही. "काय बरं?"

"फाटकावर तुमी वरडला हुता, त्ये मला आठवत हुतं. पर नंतर वाटाया लागलं, आपनच मनाशी धरून बसलोय. तुमी शिकल्याली मानसं, तुमी न्हाई म्हनलासा. मला वाटलं, मीच घेतली असंल न इचारता आन् इसरली असंल. दीड वरीस मी मलाच इचारत हुते." तिने पदराने तोंड पुसलं. "म्हंजी मी न्हाई घेतली."

"नाही. तू नाही घेतलीस."

सुपातल्या घेवड्याच्या दाण्यांवरून ती नुसता हात फिरवत राहिली. मग घराच्या दाराकडे पाहून म्हणाली, "येवढं आबास्नी सांगशीला?"

आबा म्हणजे तिचे सासरे. त्यांच्याविषयी तिने थोडक्यात सांगितलं. पाचगणीच्या एका निवासी शाळेत ते तीस वर्षं रखवालदार होते. सगळ्या खोल्यांच्या चाव्या त्यांच्या कमरेला असत आणि तीस वर्षांत एका पेन्सिलीचीही तक्रार आली नव्हती. सून चोरी करून कामावरून निघाली, हे वाडीत कळलं त्या दिवसापासून ते तिच्याशी बोलत नव्हते. तिच्या हातचं जेवत होते, पण बोलत नव्हते. काही हवं असलं तर नातीला सांगत. नवरा दिवाळीला आला तेव्हा म्हणाला होता, आबा म्हणतील तसं.

"सांगतो," मी म्हणालो.

पुढे रोपवाटिकेत काय झालं ते इथेच सांगून टाकतो, कारण त्यात फारसं काही नाही. दुसऱ्या दिवशी मी शेंडेसाहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, हे तू मला त्या दिवशी सांगायला हवं होतंस, आज सांगून मी काय करू? तरी त्यांनी तिला कामावर परत बोलावणं पाठवलं. ती आली नाही. तिने सांगितलं तसं आम्ही केलं आणि नोव्हेंबरपर्यंत एकशेतीस कुंड्या वाचल्या. जातीचं नाव 'ईशानी'च राहिलं. मला कुणी काढलं नाही. वर्षभराने मीच सोडलं आणि साताऱ्याला बियाण्याच्या दुकानात लागलो.

त्या दिवशी मी सुगंधाच्या मागोमाग आत गेलो. आत अंधार होता. भिंतीशी बाजेवर आबा बसले होते. पांढरा सदरा, धोतर, डोक्याला घट्ट बांधलेला फेटा. मला पाहून त्यांनी हात जोडले.

"आबा, ह्ये नर्सरीचं माळवदे सायेब," सुगंधा दारातूनच म्हणाली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो. "आबा, तुमच्या सुनेने रोप चोरलं नव्हतं. मीच दिलं होतं," मी म्हणालो.

त्यांनी कानामागे हात धरला. "आँ?"

"त्यास्नी ऐकू कमी येतं," सुगंधा म्हणाली. "मोठ्यानं बोला."

मी आवाज वाढवून तेच सांगितलं. ते पुढे झुकले. "कुनी दिलं?"

"मी दिलं," मी ओरडलो. "मी सांगितलं होतं घरी घेऊन जा. हिने चोरलं नाही."

शेजारच्या घरातलं जातं थांबल्याचं मला ऐकू आलं. दारातला उजेड कमी झाला म्हणून मी मागे पाहिलं. मला वाट दाखवणारी ती बाई उंबऱ्याशी उभी होती, आणि तिच्यामागे आणखी दोघी. एक म्हातारा कुंपणावर हात ठेवून ऐकत होता. मला तिथून उठून जावंसं वाटलं. सुगंधा माझ्या आणि दाराच्या मध्ये उभी होती. तिने मुद्दाम तसं केलं होतं असं मी म्हणणार नाही.

आबांनी माझं बोलणं पुरतं पोचू दिलं. मग विचारलं, "तुमी दिलं हुतं, तर त्या दिवशी मालकाम्होरं का न्हाई बोललासा?"

"भ्यालो," मी म्हणालो.

"आँ?"

"भ्यालो होतो."

त्यांनी मान हलवली. ऐकू आलं नव्हतं. कानामागचा हात तसाच होता.

मी छातीत हवा भरून घेतली आणि वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "आबा, मी भ्यालो होतो."

या वेळी त्यांना ऐकू आलं. हात खाली आला. ते माझ्याकडे बघत राहिले, पण त्यांच्या नजरेतलं मला काही वाचता आलं नाही. दारातल्या बायका आपसात काही बोलल्या आणि एकेक करून निघून गेल्या. जातं पुन्हा सुरू झालं.

मी उठलो, त्यांच्या पायांना हात लावायला वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले. माझ्या खांद्यावरून दाराकडे पाहत ते म्हणाले, "सुगंधा, ह्यास्नी खालच्या पायरीपतुर सोडून ये गं. पायरी निसारडी झालीया."

ती लगेच हलली नाही. दाराची चौकट धरून उभी होती. मग म्हणाली, "व्हय आबा," आणि माझ्यापुढे चालू लागली.